आच बंद करून

डबा केव्हाचा कोमट पाण्यात ठेवलाय.
आत माल्टचा अर्क थंडीनं थिजलेला,
काकवीसारखा, पण काकवीहून हट्टी.
चमचा आत जातो
आणि परत द्यायला तो तयार नसतो.
पाथर्डी फाट्याला डिसेंबरात असंच,
खोबरेल तेलही उन्हात ठेवावं लागतं.

पहिल्या खेपेला सगळा अर्क सुरुवातीलाच ओतला होता.
घाई, दुसरं काय.
तासभर रटरटला, तळाला लागला,
रंग उतरला गंजल्या पत्र्याच्या पाण्यासारखा
आणि चव, करपलेलं दूध
तसंच गाळून चहात घातल्यावर येते ती.
चव्हाणके म्हणाला, छान आहे,
आणि ग्लास कुंडीपाशी टेकवला.
कुंडीतला कढीपत्ता त्यातूनही वाचला,
त्या घाण्याचं तेवढंच यश.

द्राक्षांच्या गावात राहून सातू कसले उकळतोस,
हे त्याचं नेहमीचं.
गंगापूर धरणाकडे बघ, तिकडे आपोआप आंबतं सगळं.
मला आपोआपचं काही जमत नाही.
मी सातपूरच्या प्रेसशॉपमधला माणूस,
माझ्याकडे वही आहे, थर्मामीटर आहे,
भांडी बाजारात वजनावर घेतलेलं
अठरा लिटरचं पातेलं आहे,
पोचा मारलेलं, म्हणून स्वस्त.

वहीत लिहिलंय:
तिसरा हिस्सा आधी.
हॉप्स त्यात टाकायचे, पूर्ण तासभर.
पाणी फार गोड असलं
तर कडवटपणा पुरता उतरत नाही.
बाकीचा अर्क शेवटच्या पंधरा मिनिटांत,
म्हणजे रंग उजळ राहतो.
'शेवटच्या'खाली दोन रेघा,
दुसरी रेघ कागद फाडून गेलेली.

सासूबाई आठवडाभर आमच्याकडे आहेत,
हे वहीत नाही.
सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही.
एवढं कळतं, की घरात कुणी बाटली म्हणालं
तर त्या विचारतात, तेलाची का,
आणि उत्तर यायच्या आत खोलीतून जातात.
आज त्या नाशिकरोडला बहिणीकडे जाणार होत्या
म्हणून तर मी गॅस पेटवला.
बहिणीला ताप आला.

पंचेचाळिसावं मिनिट.
फेस काठाला आलेला, मी फुंकर घालतोय,
एका हातात डबा, दुसऱ्यात टॉवेल,
आणि दारात कुमुदिनीबाई.
वास त्यांनी ओळखला असणार.
भिंतीवरचं घड्याळ
इतक्या मोठ्यानं चालतं, हे मला माहीत नव्हतं.

'आच बंद कर आधी.'
मी बंद केली.
'उकडीत पिठी घालताना
आच चालू ठेवतं का कुणी?
तळाशी जाऊन बसेल ते सगळं.'
कालथा उलटा करून त्यांनी दांडा पातेल्यात घातला.
'ओत. हळू. एका जागी नको.'
मी ओतत राहिलो, धार संपेना,
त्या तळ खरवडत फिरवत राहिल्या,
बांगडी काठाला लागून वाजत होती.
डबा मी चमच्यानं निपटला.
त्यांनी तो माझ्या हातातून घेतला,
पातेल्यातलंच गरम पाणी घालून विसळला
आणि विसळणं परत आत ओतलं.
एवढं मला सुचलं नव्हतं.

'कडू कधी घातलंस?'
'सुरुवातीला.'
'आणि हे गोड आत्ता.'
'हो.'
'आमच्याकडे उलटं झालं,' म्हणाल्या,
आणि दांडा नळाखाली धरला,
बराच वेळ,
तो केव्हाच स्वच्छ झाला होता तरी.

मग मटार सोलायला बाहेर गेल्या.

मी गॅस पुन्हा पेटवला.
परत उकळी फुटायला चार मिनिटं लागली.
बंद आचेची ती मिनिटं
पंधरात धरायची की वेगळी,
वहीत काहीच नाही.
विचारावं का त्यांना,
म्हणून हॉलच्या दारापर्यंत गेलो.
त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.
शेंगा सोलत बसलो,
एक कान पातेल्याकडे.